देवाजीचं विलायती गेट

लाखनीत येऊन कोणालाही विचारा, देवाजी रामटेके कुठे राहतो? घर कोणी दाखवणार नाही. हायवेकडे हात करून सांगतील, "कुठं तरी गेट उभं होऊन राहिलं असंल, तिथं वरती टांगलेला दिसंल." आणि खरोखरच दिसतो. पायाखाली बांबू, दातात सुतळी, आणि खाली उभ्या असलेल्या मेव्हण्यावर, म्हणजे विनोदवर, ओरडणं चाललेलं.

देवाजीच्या पायाला भिंगरी आहे, असं त्याची बायको सरिता म्हणते. भिंगरी पायाला कुठली, ती बुडाला आहे. हा माणूस जेवतो उभ्यानं, एक हात दाराच्या चौकटीवर ठेवून. एकदा न्हाव्याकडे अर्ध्या दाढीत उठून तो थेट रस्त्यावर आला, कारण बांबूचा ट्रक चालला होता आणि बांबू ओला आहे की वाळलेला हे त्याला आतून कळेना. गालावरचा साबण वाळून गेला. लोक हसले. देवाजी परत जाऊन बसला आणि पुन्हा उठला, कारण सुतळीची बंडलं अंगणात उन्हात राहिली की काय, अशी त्याला शंका आली.

पण गेट बांधावं तर त्यानंच. लग्न असो, चौदा एप्रिल असो, शाळेचं गॅदरिंग असो की हिवाळ्यातलं नाटक, आधी निरोप जातो देवाजीला. बांबूचा सांगाडा, त्यावर कापड नाही तर प्लाय, वर थर्माकोल आणि थर्माकोलवर देवाजीचा ब्रश. त्याचं नाव झालं ते सांचीसारख्या तोरणानं. दोन उंच खांब आणि त्यांच्यावर टोकांना वळलेल्या तीन आडव्या पट्ट्या. हे काम त्यानं बापाकडून, गोमाजीकडून उचललं. गोमाजीनं जन्मभर लोकांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, रोवणी आणि कापणी केली, पण दर एप्रिलात वस्तीच्या तोंडाशी बांबूचं तोरण तोच बांधायचा. त्याचा एक नियम होता. "गेटले दार नको ठेवू बापा," तो म्हणायचा, "दार ठेवनारे दुसरे लय हायेत." देवाजीनं तो नियम पाळला, पण त्यावर विचार कधी केला नाही. विचार करायचा तर बसावं लागतं.

अशा माणसाची मुलगी भावना. भंडाऱ्याला नर्स आहे. तिचं लग्न आसगावच्या अतुलशी ठरलं. मुलगा पवनीला शिक्षक, घरी धानाची शेती, माणसं साधी. तारीख निघाली त्याच संध्याकाळी भावना बापाजवळ आली. बाप अर्थातच दारात उभा होता.

"बाबा, एक मांगू?"

"मांग ना."

"माह्या लग्नात तुमी बसाचं. खुर्चीवर, आईच्या बाजूनं. मी वरती उभी राहीन तवा मले तुमी समोर दिसले पायजे."

"एवढंच?"

"एवढंच. दहावीत नंबर आला तवा सरांनी आईबाबाले स्टेजवर बोलावलं, तं आई एकटीच आली. तुमी गेटवर होते. नर्सिंगच्या कार्यक्रमात बी गेटवरच होते. ते गेट तं तुमचं बी नव्हतं."

देवाजीला कोणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. ते दुसऱ्याचं गेट त्याला आठवत होतं. डावा खांब कलला होता, कोणाचं लक्ष नव्हतं, म्हणून त्यानं तो धरून ठेवला होता. आत टाळ्या वाजल्या त्या त्यानं खांब धरूनच ऐकल्या होत्या. त्याला फार वाईट वाटलं आणि वाईट वाटल्यावर तो जे करतो तेच त्यानं केलं, दोनदा अंगणात जाऊन आला.

"बसतो," तो म्हणाला. "शब्द हाये माहा."

मग कामं वाटली गेली. स्वयंपाक, पाहुणे, मांडव हे सरिता आणि विनोद बघणार. देवाजीकडे एकच काम आलं, बसण्याचं. आणि तेच त्याला येत नव्हतं.

तरी पोरीच्या लग्नाला गेट साधंसुधं नको, एवढं त्यानं ठरवलं होतं. त्यातच भुपेंद्र आला. हा लग्नाचे फोटो काढणारा पोरगा. अल्बमच्या मागे कुठली चित्रं टाकायची ते मोबाईलवर दाखवत होता. बर्फाचे डोंगर झाले, ट्युलिपची शेतं झाली आणि मग इंग्लंडमधल्या एका जुन्या किल्ल्याचं प्रवेशद्वार आलं. देवाजीनं मोबाईल हातातून घेतला तो परत दिलाच नाही. भुपेंद्र चहा पिऊन, घरी जाऊन परत आला, तेव्हाही देवाजी तेच पाहत होता. अंगणात फेऱ्या मारत, पण तेच.

इंग्रजी त्याला येत नाही. पण बांधणाऱ्याला भिंतीची भाषा येते. दोन बुरूज, पुढे पोट काढून उभे, मध्ये अरुंद कमान. बुरूज पुढे का काढले? कमानीशी कोणी धडका मारायला लागला तर दोन्ही बाजूंनी त्याला बाण घालता यावेत म्हणून. भिंतीतल्या फटी बाहेरून बोटभर आणि आतून ऐसपैस, म्हणजे आतल्याला सगळं दिसावं आणि बाहेरच्याला काही नाही. भिंत तळाशी जाड आणि तिरपी, म्हणजे कोणाला पोखरता येऊ नये. कमानीच्या आत बोळ, बोळाच्या छताला भोकं, त्यांतून खालच्यांच्या डोक्यावर दगड नाही तर उकळतं पाणी. आणि बोळाच्या तोंडाशी लाकडाचं जाळीचं दार, खाली लोखंडी टोकं असलेलं. हे उघडत नाही, वरून खाली पडतं, दोन्हीकडच्या दगडी खाचांतून. असंच दुसरं मागच्या तोंडाशी. पुढचं पडलं, मागचंही पडलं की आत सापडलेला गेला.

"विनोद, हे गेट नोहे," देवाजी म्हणाला. "हा मासोळ्याचा सापळा हाये. जाणं सोपं, येणं नाही."

"मंग कायले पाहून राहिले?"

"बांधतो."

विनोदनं कपाळावर हात मारला. बाहेरच्याला अडवण्यासाठी माणसाच्या डोक्यातून जे जे निघू शकतं ते सगळं ज्या दारात आहे, ते दार हा वरातीच्या स्वागताला लावणार! पण देवाजीच्या डोक्यात एकदा किडा वळवळला की वळवळला. शिवाय त्याचं म्हणणं अगदी खुळचट नव्हतं. भोकांतून उकळतं पाणी न टाकता झेंडूच्या पाकळ्या टाकायच्या. वरात आली की दार खाली असेल, सगळे थबकतील, मग कप्पीवरून दोर ओढला की दार डौलात वर जाईल आणि नवरदेव पाकळ्यांच्या पावसात आत येईल. असं गेट भंडारा जिल्ह्यात कोणी पाहिलं नसेल. हे मात्र खरं होतं.

मग सुरू झालं काम. लाखनीबाहेर, हायवेलगतच्या एका रिकाम्या बांधीत मांडव पडणार होता. तिच्या तोंडाशी बुरूज उभे राहू लागले. थर्माकोलवर एकेक दगड निराळा रंगवला, कुठे शेवाळ, कुठे पावसाचा ओघळ. ट्रकवाले गाड्या हळू करून पाहायचे. देवाजी चहासाठीही खाली उतरेना. दार बांबूच्या कामट्यांचं विणलं, त्याच्या खालच्या कडेला वाळू भरलेला पाइप बांधला, म्हणजे पडताना वजन यावं. ज्या खाचांतून ते सरकणार त्या खाचा त्यानं एका दुकानाच्या कामातून उरलेल्या दाबलेल्या भुशाच्या बोर्डातून काढल्या. गुळगुळीत, अगदी लोण्यासारख्या. हा बोर्ड पाणी पितो आणि फुगतो हे लाखनीतलं शेंबडं पोरही सांगेल. देवाजीलाही माहीत होतं. पण एप्रिलात पाणी येतंय कुठून?

भावना सुट्टी घेऊन आली तेव्हा गेट पुरं झालं होतं. ती बराच वेळ खाली उभी राहून पाहत होती. आवडलं तिला. बापाचा हात तिला ठाऊक होता.

"बाबा, लय सुंदर झालं. पन दार वरतीच बांधून ठेवा. अडकलं गिडकलं तं?"

"हाव, ठेवतो."

"अन् खुर्ची?"

"हाव ना बापा. किती वेळ विचारशील?"

लग्नाच्या दिवशी सकाळी पांढरा सदरा घालून देवाजी खरंच खुर्चीवर बसला. पहिल्या रांगेत, सरिताच्या शेजारी. समोर स्टेजवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. वरात यायला अवकाश होता. सरिता म्हणते, तिचं आंब्याच्या पन्ह्याचं सांगून होईपर्यंत शेजारची खुर्ची रिकामी झाली होती.

त्याचं काय झालं, तर त्याला धूळ दिसली. वाऱ्यानं गेटजवळची माती उडत होती आणि ती पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर बसणार होती. टँकर उभाच होता. कोणालाही सांगता आलं असतं, माणसं भरपूर होती. पण सांगून गप्प बसणं म्हणजे पुन्हा बसणंच की. त्यानं स्वतः पाइप धरला. गेटसमोर पाणी मारलं, बोळात मारलं. येऊन बसला. पुन्हा धूळ दिसली, पुन्हा गेला. उन्हात माती वाळायची आणि देवाजी उठायचा. बुरुजांच्या पायथ्याशी चिखल झाला, खाचांच्या कडांवरून पाणी ओघळलं. शेवटच्या खेपेला गेटवरून वाकून विनोद म्हणाला, "भाऊजी, दार वरतीच राहू द्या ना. भावनानं सांगतलं हाये."

"खाली सोड," देवाजी म्हणाला. "त्याबिगर मजा नाही." पोरीला दिलेला एक शब्द त्यानं तिथेच मोडला आणि त्याला तसं वाटलंही नाही.

वरात आली. डीजे, नाचणारी पोरं, मागे बाया, आणि सर्वांत पुढे नवरदेवाचा आजा, दादाजी. ऐंशी ओलांडलेला, काठी टेकत, पण गाडीत बसायला तयार नाही. सगळे गेटसमोर थबकले. जाळीचं दार खाली, दोन्हीकडे दगडी बुरूज, फटींतून काळोख. मोबाईल वर झाले. वा, वा झालं. देवाजी आतून जाळीशी उभा होता, आणि त्या क्षणी लाखनी तालुक्यात त्याच्याइतका सुखी माणूस नसेल.

"ओढ रे," त्यानं इशारा केला.

विनोदनं दोर ओढला. दार वीतभर वर आलं. मग एका बाजूनं आणखी थोडं आलं आणि तिरपं होऊन रुतलं. खाचा फुगल्या होत्या. वर जाईना, खाली येईना. विनोद दोराला लोंबकळला, तशा वर ठेवलेल्या टोपलीतल्या पाकळ्या सांडल्या आणि रिकाम्या बोळात पडल्या. वरातीतली काही पोरं हसली.

"दोन मिनिटं," देवाजी जाळीतून म्हणाला. "होऊन राहिलं."

तो हातोडीनं खाच ठोकू लागला, मग खाली वाकून बघू लागला, मग शिडी मागू लागला. खरं सांगायचं तर त्याला वरात दिसतच नव्हती. दिसत होती ती खाच. जाळी न मोडता, रंग न खरवडता, पुन्हा कधी होणार नाही असं आपलं काम न बिघडवता, हे दार वर कसं न्यावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बाहेर ऊन चढलं. डीजे बंद झाला. नवरदेव अतुल बिचारा घाम पुसत उभा राहिला. मांडवात खुर्च्या सरकल्या आणि भावना उठून उभी राहिली. पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची तिनं पाहिली होती.

गेटच्या एका बाजूला नाली होती, दुसऱ्या बाजूला कनात आणि तिच्यामागे स्वयंपाक. तिथल्या आचाऱ्यानं चांगल्या मनानं कनात उचलली आणि हाक मारली, "या ना बापा इकडून. मागून या. आत जाणं झालं म्हंजे झालं."

दोनतीन बाया तिकडे वळल्याही. दादाजी वळला नाही. काठी बाजूला ठेवून तो सावकाश, गुडघ्यावर हात देत, ओल्या मातीत खाली बसला. पांढऱ्या धोतरासकट.

"आजोबा, उठा ना," अतुल म्हणाला. "चिखल हाये."

"राहू दे. बसतो मी इथंसा. दार लागलेलं असलं का बाहीर बसाचं, हे मले लहानपनापासून येते." आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागत होतं. "मागून जानं मात्र माह्या बापानं छप्पन साली सोडलं. मी नाही जात."

देवाजीचा हातोडीचा हात तसाच राहिला. जाळीच्या एका चौकोनातून त्याला मातीत बसलेला म्हातारा दिसत होता. आणि गोमाजीचं ते वाक्य, जे इतकी वर्षं त्यानं नुसतं पाळलं होतं, ते त्याला आता पहिल्यांदा कळलं. आपल्या बापाला कुठल्या कुठल्या दाराबाहेर असं बसावं लागलं असेल, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आणि त्या बापाच्या नातीच्या लग्नात, पाहुण्यांना अडवणारं दार त्यानं स्वतःच्या हातानं लावलं होतं. ते रंगवलंही होतं.

"विनोद, आरी दे."

"भाऊजी, जाळी कापून होनार नाही. खाचाच कापा लागतील. अन् डावा बुरूज त्याच खांबावर हाये. तो गेला तं..."

"आरी दे म्हटलं ना."

त्यानं आधी उजवीकडची खाच कापली, मग डावीकडची, खांबासकट. घासघास आवाज येत होता आणि पांढऱ्या सदऱ्यावर भुसा उडत होता. ज्यानं प्रत्येक दगड निराळा रंगवला, त्यालाच ते कापायचं होतं, आणि त्याचे डोळे भरून आले होते हे सगळ्यांनी पाहिलं. जाळी बोळात आडवी पडली. देवाजी तिच्यावरून बाहेर गेला, दादाजीसमोर बसला, चिखलातच, आणि हात जोडले.

"चुकलं माहं."

दादाजीनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर हात टेकून उठला. "गेट मस्त हाये," तो म्हणाला. "पन बापा, पाहुण्यासाठी नाही." आणि नातवाला पुढे घालून आत गेला. मागून वरात गेली. वरून विनोदनं टोपलीत उरल्यासुरल्या पाकळ्या टाकल्या, त्या बहुतेक डीजेवाल्यावर पडल्या.

त्रिशरण सुरू झालं तेव्हा देवाजी आपल्या खुर्चीवर येऊन बसला होता. मागं चिखल, पुढं भुसा, पण बसला होता. भावनानं वरून एकदा पाहिलं आणि डोळे खाली केले. तिचा त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि का असावा?

देवाजीला मागचं गेट दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. डाव्या बुरुजाचा बांबू करकरत होता. वारा आला की जास्त. एक टेकू दिला तर उभा राहील, हे त्याला इथे बसून कळत होतं. कुठला बांबू, कुठे, किती तिरपा, तेही. त्याचा गुडघा हलायला लागला. हात खुर्चीच्या दांडीवर गेला. सरितानं तिकडे पाहिलं, पण धरलं नाही. आता धरून काय उपयोग, असं तिला वाटलं असेल.

पंचशील झालं. नवरानवरी शपथ घेण्यासाठी समोरासमोर उभे राहिले. तेवढ्यात वाकत वाकत विनोद आला आणि देवाजीच्या कानाशी लागला.

"भाऊजी, बुरूज चाललाय. लोकाईले दूर केलं मी, नालीपल्याडच्या बांधीकडंच पडंल, कोनाले लागनार नाही. पन आता आले तं वाचवता येते. मले एकट्याले नाही जमत. चला लवकर."

देवाजी अर्धा उठला. खुर्ची वाजली. भावना शपथेचं पहिलं वाक्य म्हणता म्हणता थांबली. तिनं बापाकडे पाहिलं नाही, मुद्दाम समोर अतुलकडे पाहत राहिली, पण हातातली फुलं तिनं मुठीत चुरगळली होती. देवाजीला पोरगी दिसली. गेटच्या खांबाआडून कधी दिसली नसती, इतकी स्पष्ट दिसली.

तो परत खाली बसला.

"पडू दे," तो म्हणाला.

"काय?"

"पडू दे म्हटलं. जा तू बी बस."

भावनानं शपथ पुढे सुरू केली. ती संपायच्या आत मागून कडकड आवाज आला, बांबू मोडले, कापड फाटलं आणि काहीतरी मोठं शेजारच्या बांधीत आडवं झालं. सगळा मांडव मागे वळला. बाया उठल्या, पोरं पळाली, भुपेंद्र कॅमेरा घेऊन धावला. दादाजीनंही काठीवर जोर देऊन मान वळवली.

आवाजाकडे वळली नाहीत फक्त दोन माणसं. वर भावना, जिनं आता कुठे बापाच्या खुर्चीकडे पाहायचं धाडस केलं, आणि खाली तिचा बाप, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसलेला.